भुजापेटी वायुवीजन

भुजापेटी वायुवीजन : अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात इंधनाचे ज्वलन होत असताना दट्ट्याच्या कड्यांमधून निसटून खाली उतरणारे वायू भुजापेटीतून काढून घेण्याची व त्यांच्या जागी ताजी हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था. भुजादंडाभोवती असलेली व तळाशी वंगण तेल साठविणारी बंद पेटी म्हणजे भुजापेटी होय. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत आणि गॅरेजांत ती क्रँककेस याच नावाने ओळखली जाते व तिच्या वायुवीजनाच्या नळीस ब्रीदर म्हणतात. मोटारगाडीवर बसविण्यात आलेले प्रदूषण-नियंत्रणाचे हे पहिले साधन असून निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तक त्यानंतर सु. चौदा वर्षांनी प्रचारात आला. असे असूनही बहुतेक वाहनमालकांना त्याची माहिती नसते आणि वाहनाच्या पीयूसी तपासणीतही त्याची दखल घेतली जात नाही.

गळतीचे कारण व प्रमाण : दट्ट्या सिलिंडरात वरखाली सरकण्यासाठी दोहोंमध्ये थोडी फट ठेवणे भाग असते. ही फट दट्ट्याच्या खाचांत बसविलेल्या कड्यांनी, म्हणजे पिस्टन रिंगांनी, बंद केली जाते. परंतु कडी अखंड असून चालत नाही. ती खाचेत चढविता यावी आणि तापल्यावर तिला प्रसरणास जागा मिळावी म्हणून ती एका ठिकाणी छेदलेली असते व छेदाच्या दोन टोकांत मिलिमीटरच्या काही दशांशांइतके अंतर राहते. पेट्रोल एंजिनात ज्वलनाच्या वेळी सिलिंडरातील दाब वातावरणीय दाबाच्या सु. ४० ते ६० पट होतो. आधुनिक डीझेल एंजिनात तो १५० पटींच्याही वर जातो. एवढ्या दाबाखाली वायूचा काही अंश या छेदांतून आणि कड्यांच्या बाजूंनी खाली येतोच. या वायूस गळतीवायू किंवा ब्लो-बाय म्हणतात. तो एंजिनाच्या झिजेचे लक्षण आहे असा समज रूढ असला, तरी तो तितकासा खरा नाही. अगदी नव्या एंजिनातही गळती असते, झिजेने ती केवळ वाढते.

१९९८ च्या अखेरीस टेल्को कंपनीने (२००३ पासून टाटा मोटर्स) सादर केलेल्या व पिंपरी येथे तयार झालेल्या इंडिका या गाडीचे उदाहरण घेता येईल. तिच्या एंजिनाची धारकता १,४०५ घ. सेंमी. होती. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच भरतो. त्यामुळे मिनिटास ३,००० फेरे होत असताना असे एंजिन मिनिटाला सु. २,००० लि. हवा आत घेते. सुस्थितीतील एंजिनात पूर्ण भाराखाली यांपैकी शेकडा अर्धा ते एक भाग कड्यांवाटे निसटतो असे धरले, तर मिनिटाला १० ते २० लि. वायू भुजापेटीत उतरतो. एका तासाच्या प्रवासात हे प्रमाण हजार लिटरांपर्यंत जाते. पेटीत तेलाच्या वर मोकळी जागा असते ती मात्र काही लिटरच. वायूला वाट करून दिली नाही, तर तो स्वतःच ती शोधून काढतो. भुजादंडाच्या दोन्ही टोकांची ऑइल सीले, झाकणांखालची गॅस्केटे, तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीचे भोक यांपैकी जे दुर्बल असेल तेथून तो तेलासह बाहेर पडतो.

वंगण तेलावर होणारे परिणाम : दाबापेक्षा वायूतील घटकांचा उपद्रव अधिक चिवट असतो. पेट्रोल एंजिनातील गळतीवायूचा मोठा भाग न जळलेल्या इंधन-हवा मिश्रणाचा असतो. उरलेल्या भागात कार्बन डाय-ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे व पाण्याची वाफ असते. हे पाणी बाहेरून आलेले नसते. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळले म्हणजे सु. ०·९ किग्रॅ. पाणी निर्माण होते. त्यातील बहुतेक वाफ निष्कास नळीतून निघून जाते, परंतु भुजापेटीत उतरलेली वाफ थंड भिंतींवर साकळते आणि तेलात मिसळते. नायट्रोजनाची ऑक्साइडे व इंधनातील अल्पसा गंधक यांच्यापासून पाण्याच्या संगतीने अम्ले तयार होतात व ती धारव्यांचे पृष्ठभाग खातात. न जळलेल्या पेट्रोलाने तेल पातळ होते. तेल, पाणी, काजळी आणि अर्धवट ऑक्सिडीभूत इंधन यांचा मिळून काळा, चिकट गाळ तयार होतो. तो तेलपंपाच्या जाळीवर साचला की एंजिनाच्या वरच्या भागास तेल पोहोचेनासे होते. एंजिने खोलल्यावर झडपांच्या झाकणाखाली डांबरासारखा जो थर दिसतो तो हाच होय.

तेल चांगले तापले की पाणी आणि पेट्रोल दोन्ही बाष्परूपाने वर येतात आणि वायुवीजनाच्या प्रवाहाबरोबर निघून जातात. म्हणून लांबच्या प्रवासाने एंजिन स्वच्छ राहते, तर तुटक प्रवासाने ते आतून खराब होते. निगडीत किंवा भोसरीत राहून पाचसहा किमी.वरील कारखान्यात जाणारी, दिवसभर उभी राहणारी आणि संध्याकाळी तेवढेच अंतर परतणारी गाडी वर्षाकाठी फारशी चालत नाही म्हणून तिचे तेल उशिरा बदलले जाते. वस्तुतः तिच्या तेलास सर्वाधिक त्रास होत असतो, कारण शीतक पाण्याचा काटा मध्यावर आला तरी तळपेटीतील तेल त्यानंतर बराच वेळ कोमटच असते. हिवाळ्यात अशा गाडीच्या तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधावरील सायीसारखा पिवळसर फेस आढळतो. तो पाहून सिलिंडर शीर्षाचे गॅस्केट फुटल्याचे निदान करण्यात येते व एंजिन विनाकारण उघडले जाते. शीतकाची पातळी कमी होत नसेल आणि तासभराच्या प्रवासानंतर फेस नाहीसा होत असेल, तर ते केवळ साकळलेले पाणी होय. संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालणाऱ्या गाड्यांत हा फेस अधिक दिसतो. मिथेनात हायड्रोजनाचे प्रमाण जास्त असल्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी पाणी जास्त निर्माण होते.

इतिहास : सुरुवातीच्या एंजिनांत भुजापेटीला केवळ एक उच्छ्वास नळी असे. पुढे ती गाडीच्या तळाखाली नेऊन तिचे टोक तिरके कापण्यात येऊ लागले. गाडी धावू लागली की तळाखालून जाणाऱ्या हवेमुळे नळीच्या तोंडाशी दाब किंचित कमी होई व पेटीतील वायू ओढला जाई. त्याची जागा तेल भरण्याच्या जाळीदार झाकणातून येणारी हवा घेई. या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. गाडी उभी असताना किंवा गर्दीत सावकाश चालत असताना ओढ जवळजवळ नाहीशी होई, आणि सर्व वायू रस्त्यावर सोडला जाई. पहिली उणीव एंजिनाची होती म्हणून तिची चर्चा लवकर झाली. दुसरी माणसांची होती, तिला पुष्कळ वर्षे कोणी विचारले नाही.

लॉस एंजेल्स शहरावर पसरणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारगाड्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांत आहे, हे ए. जे. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. त्यानंतरच्या मोजमापांत असे आढळले की, नियंत्रण नसलेल्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनांपैकी सु. एकपंचमांश भाग निष्कास नळीतून नव्हे, तर भुजापेटीच्या उच्छ्वास नळीतून येतो. हा भाग बंद करणे सर्वांत सोपे व स्वस्त होते. वायू रस्त्यावर सोडण्याऐवजी तो एंजिनाच्या अंतर्ग्रहण मार्गात सोडला की पुन्हा सिलिंडरात जाऊन जळतो. कॅलिफोर्नियात १९६१ च्या नव्या गाड्यांवर व १९६३ पासून अमेरिकेत सर्वत्र ही योजना बसविण्यात येऊ लागली. तिला निश्चित भुजापेटी वायुवीजन, इंग्रजी आद्याक्षरांवरून पीसीव्ही, असे नाव मिळाले.

रचना व कार्य : पेट्रोल एंजिनात हवेचे प्रमाण रोधझडपेने, म्हणजे थ्रॉटलने, नियंत्रित होते. झडप मिटलेली असताना तिच्या पलीकडील अंतर्ग्रहण नलिकेत दाब वातावरणापेक्षा पुष्कळ कमी होतो. हीच ओढ वायुवीजनासाठी वापरतात. हवा-गाळणीतून गाळलेली हवा एका नळीने झडपांच्या झाकणात येते, तेथून तेल परतण्याच्या मार्गांनी भुजापेटीत उतरते, गळतीवायूंना बरोबर घेते आणि दुसऱ्या वाटेने पीसीव्ही झडपेतून अंतर्ग्रहण नलिकेत जाते.

यातील अडचण अशी की, ओढ आणि गळती यांचे प्रमाण व्यस्त असते. मंदगतीत ओढ सर्वाधिक असते, पण तेव्हा गळती थोडी असते. चढावर पूर्ण भाराखाली गळती सर्वाधिक होते, तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडे असल्याने ओढ जवळजवळ शून्य असते. साधे भोक ठेवले, तर मंदगतीत नको इतकी हवा आत घुसून एंजिन अडखळेल. पीसीव्ही झडप हा पेच एक निमुळती सोंगटी आणि एक स्प्रिंग एवढ्यांवर सोडविते. जोरदार ओढीने सोंगटी स्प्रिंगविरुद्ध पुढे खेचली जाऊन मार्ग अरुंद करते. ओढ कमी झाली की स्प्रिंग तिला मागे ढकलते व मार्ग रुंदावतो. एंजिन बंद असताना सोंगटी मागच्या आसनावर टेकून मार्ग पूर्ण मिटविते. अंतर्ग्रहण नलिकेत भडका उडाला तर त्याच्या दाबानेही ती त्याच आसनावर आदळते व ज्वाला पेटीतील ज्वालाग्राही वाफेपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण भाराखाली झडपेतून जाऊ शकत नाही इतका वायू झाला, तर जादा भाग ताज्या हवेच्या नळीतून उलट दिशेने हवा-गाळणीकडे जातो आणि तेथूनही एंजिनातच ओढला जातो. यामुळे बंद पद्धतीत वातावरणाकडे उघडणारे तोंड कोठेच राहत नाही. इतक्या स्वस्त व साध्या भागाकडून इतकी कामे करवून घेतल्याची उदाहरणे यंत्रशास्त्रात थोडीच सापडतील.

भुजापेटीत भुजादंडाच्या फिरण्याने तेलाचे सूक्ष्म तुषार सतत उडत असतात. ते वायूबरोबर गेले तर तेल जळते व निष्कासातून निळा धूर येतो. म्हणून बाहेर जाण्याच्या मार्गावर तेल-विभाजक असतो. साध्या एंजिनात झाकणाच्या आतील नागमोडी पत्र्यांवर तुषार आपटून ओघळतात. सुधारित विभाजकात वायूला भोवऱ्यासारखे फिरवून जड तुषार भिंतीकडे फेकले जातात. विभाजकातून तेल खाली परतण्याची नळी बुजली की सर्व तेल वर चढते. हा दोष शोधून काढण्यास त्रास पडतो.

डीझेल एंजिन व टर्बोभारक : पारंपरिक डीझेल एंजिनात थ्रॉटल नसते, म्हणून वापरण्याजोगी ओढही नसते. अशा एंजिनात भुजापेटीची नळी हवा-गाळणी आणि टर्बोभारक यांच्या मध्ये जोडतात व मार्गात पडद्याची दाब-नियामक झडप ठेवतात. गाळणी धुळीने तुंबली की तेथील ओढ वाढते. पडदा त्या वेळी मार्ग आवळतो, नाही तर तेलच ओढले जाईल. डीझेलचा गळतीवायू प्रामुख्याने हवा व ज्वलनोत्तर वायू यांचा असल्याने त्यात हायड्रोकार्बने कमी, पण काजळी अधिक असते. तीतील तेलकट अंश आंतरशीतकाच्या नळ्यांत साचतो. निष्कास पुनरभिसरणाची काजळी तीत मिसळली की अंतर्ग्रहण मार्गात घट्ट थर बसतो. तेलाची पातळी खुणेच्या फार वर असेल किंवा कड्या तुटल्या असतील, तर या नळीतून इतके तेल आत जाऊ शकते की एंजिन त्या तेलावरच धावू लागते. किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. मग हवेचा मार्ग रोखणे किंवा गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकसह क्लच सोडणे हेच उपाय उरतात.

टर्बोयुक्त पेट्रोल एंजिनात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. चाकण येथे २०२१ पासून तयार होऊ लागलेल्या स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांत १ लि. धारकतेचे, तीन सिलिंडरांचे असे एंजिन वापरलेले आहे. अशा एंजिनांत कमी भारावर अंतर्ग्रहण नलिकेत ओढ असते. टर्बो कार्यान्वित होताच तेथेच दाब वातावरणापेक्षा जास्त होतो. त्यामुळे वायूला दोन वाटा ठेवाव्या लागतात : एक थ्रॉटलच्या पलीकडे, दुसरी टर्बोच्या अलीकडे, आणि दोन्हींवर एकदिश झडपा. यांपैकी पहिली झडप गळू लागली तर टर्बोचा दाब सरळ भुजापेटीत शिरतो व ऑइल सीले बाहेर ढकलतो. या एंजिनांत इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यामुळे अंतर्ग्रहण झडपांवर पेट्रोल पडत नाही आणि वायुवीजनाबरोबर आलेले तेल त्यांच्यावर भाजून कठीण होते. पूर्वी पेट्रोल हे आपसूक धुऊन काढीत असे.

दुचाकी : या औद्योगिक पट्ट्याची ओळख मोटारगाड्यांच्या आधी स्कूटरने झाली. आकुर्डी येथे बजाज ऑटोने तयार केलेल्या दोन धावांच्या स्कूटरांत (चेतक, १९७२) भुजापेटी वायुवीजनाचा प्रश्नच नव्हता, कारण तेथे भुजापेटी हाच पंप असे. दट्ट्या वर जाताना मिश्रण तीत ओढले जाई व खाली येताना दाबले जाऊन सिलिंडरात ढकलले जाई. पेटीत तेल साठविता येत नसल्याने ते पेट्रोलातच मिसळावे लागे आणि ते धूर होऊन बाहेर पडे. कड्यांतून निसटलेला वायू वाया न जाणारे हे एंजिन निष्कासातून मात्र न जळलेले इंधन सढळपणे सोडीत असे. २००० नंतरच्या उत्सर्जन मानकांनी ते मागे पडले. चाकणच्या कारखान्यातील पल्सरसारख्या (२००१) चार धावांच्या एक-सिलिंडरी मोटारसायकलींत वेगळीच अडचण येते. चार सिलिंडरांच्या एंजिनात दोन दट्ट्ये खाली येताना दोन वर जातात, म्हणून पेटीचे घनफळ जवळजवळ कायम राहते. एकच दट्ट्या असेल तर ते प्रत्येक फेऱ्यात पूर्ण धारकतेइतके कमीजास्त होते व ब्रीदर नळीतून वायू धापा टाकल्याप्रमाणे आतबाहेर करतो. ही नळी हवा-गाळणीच्या पेटीत सोडलेली असते. पेटीखाली बूच लावलेली एक पारदर्शक नळी लोंबत असते. तीत साचलेले तेल व पाणी वेळोवेळी काढावयाचे असते, हे फार थोड्या चालकांना सांगितले जाते.

कायदेशीर चाचणी : भारतात पेट्रोल वाहनांच्या उत्सर्जनाची पहिली मानके १९९१ मध्ये लागू झाली. पुण्यात भारत टप्पा-३ ची मानके २००५ मध्ये, टप्पा-४ ची २०१० मध्ये व देशभर टप्पा-६ ची १ एप्रिल २०२० पासून अमलात आली. नव्या नमुन्याची मान्यता-चाचणी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या (स्थापना १९६६) संस्थांमध्ये केली जाते. तिच्यातील तिसऱ्या प्रकारची चाचणी भुजापेटीसाठी असून ती युरोपीय पद्धतीवर आधारलेली आहे. गाडी मंदगतीत आणि ताशी ५० किमी. वेगाच्या दोन भारांवर चालवितात व तेलपट्टीच्या भोकातून पेटीतील दाब मोजतात. तो वातावरणीय दाबाहून अधिक भरता कामा नये. अधिक भरल्यास भोकावर सु. ५ लि. धारकतेची मऊ पिशवी बांधतात; प्रत्येक स्थितीत पाच मिनिटे ठेवूनही ती फुगलेली दिसली नाही तर गाडी उत्तीर्ण होते. प्रगत उपकरणांच्या काळातही ही पिशवी टिकून आहे, कारण येथे मर्यादा शून्य आहे आणि शून्य मोजण्यास पिशवी पुरते.

ही कसोटी गाडीच्या नमुन्यास लागते, रस्त्यावरील गाडीस नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीच्या निष्कास नळीत शलाका घालून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने मोजतात. डीझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात. एंजिन झिजले की ब्रीदरमधून तेल येऊन हवा-गाळणी भिजते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी नळी काढून तिचे टोक गाडीखाली मोकळे सोडण्याची पद्धत अनेक गॅरेजांत आहे. गाळणी कोरडी राहते, मालक समाधानी होतो. तेलात पेट्रोल मिसळलेले असेल तर त्याची वाफ एंजिनात जाणे थांबल्याने पीयूसीचा आकडा उलट सुधारतो. प्रत्यक्षात ती गाडी १९६१ पूर्वीच्या अवस्थेला गेलेली असते आणि प्रमाणपत्र मात्र स्वच्छतेचे असते. सीएनजी गाडीत अशा नळीतून न जळलेला मिथेन बाहेर पडतो. तो डोळ्यांना वा नाकाला जाणवत नाही, परंतु उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डाय-ऑक्साइडाच्या अनेक पट प्रभावी आहे. पीयूसी केंद्रावर झाकण उचलून नळ्या जागेवर आहेत की नाहीत एवढे पाहण्यास अर्धे मिनिटही लागणार नाही.

दोषनिदान : ऑइल सील बदलूनही महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळू लागले, तर दोष सीलचा नसून दाबाचा आहे असे समजावे. तेलपट्टी आपोआप वर सरकणे, हवा-गाळणीत तेल येणे, मंदगतीत फेरे वरखाली होणे ही लक्षणे याच वर्गातील होत. सोंगटीची पीसीव्ही झडप काढून हलविल्यास आतून खुळखुळ आवाज यावा. न आल्यास ती गाळाने बसली आहे. एंजिन मंदगतीत असताना तेल भरण्याच्या तोंडावर जाड कागद ठेवला तर तो थोड्या वेळाने तोंडाला चिकटला पाहिजे. तो उडून गेला तर झडप किंवा नळी तुंबलेली तरी आहे, नाही तर कड्या झिजलेल्या आहेत. कोणते ते सिलिंडरांतील संपीडन मोजून ठरविता येते. प्रथम शंभर-दोनशे रुपयांची नळी स्वच्छ करावी आणि मग एंजिन उघडण्याचा विचार करावा, हा क्रम बहुधा उलटा पाळला जातो. पडद्याची झडप फाटली असेल तर एंजिनातून बारीक शीळ ऐकू येते व चालू एंजिनावर तेलाचे झाकण ओढीमुळे उघडणे जड जाते.

एंजिन-निर्मितीतील चाचणीकक्षांत गळतीवायूचा प्रवाह लिटर प्रतिमिनिट या एककात सतत नोंदविला जातो. त्याचा आलेख अचानक चढू लागला की कडी तुटली किंवा दट्ट्या सिलिंडरास घासू लागला असे ओळखून एंजिन तात्काळ थांबवितात. हायड्रोजनावर चालणाऱ्या अंतर्ज्वलन एंजिनांच्या विकासात या मोजमापास नवे महत्त्व आले आहे. हवेत हायड्रोजन शेकडा ४ ते ७५ इतक्या विस्तृत मर्यादेत पेट घेऊ शकतो व त्यास अगदी क्षीण ठिणगी पुरते. त्यामुळे या एंजिनांत गळतीवायू एंजिनाच्या ओढीवर सोपवून भागत नाही; ताज्या हवेचा प्रवाह मुद्दाम वाढवून भुजापेटीतील हायड्रोजन शेकडा ४ च्या पुरेसा खाली ठेवावा लागतो.